विटाळाच्या अंतरातला कॅमेरा

पाऊस आला की या शहरातले कॅमेरे दोन ठिकाणी जातात. काही पिशवीत, काही मरीन ड्राइव्हवर.

पिशवीत जातात ते भिजू नयेत म्हणून. मरीन ड्राइव्हवर जातात ते लाट टिपायला. लाल छत्री, भुट्टेवाला, भिजणारं जोडपं, गाडीच्या काचेवरचे थेंब. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच छापून येतं आणि खाली चार हिरव्या ओळी. पाऊस म्हणजे यांच्या घरातलं गाणं. आमच्याकडं पाऊस म्हणजे पत्र्यावर ठेवलेले जुने टायर, ताडपत्री, खाटेच्या पायाखाली सरकवलेल्या विटा, आणि रात्री दोनला उंबऱ्यावरून आत आलेलं गटार. हा पाऊस कुणाच्या कॅमेऱ्यात नाही. का नाही? तर कॅमेरा भिजतो.

दोस्तांनो, मी गेली काही वर्षं पाण्यात चालणारा फिल्मचा कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यानं फिरतो. पावसाळ्यात फिरतो आणि उन्हातही फिरतो. रोज. नाक्यावर, स्टेशनात, मोर्चात, नळावरच्या रांगेत. त्यावरून माझी दोन भांडणं झाली. एक परक्यांशी, एक आपल्याच लोकांशी. दोन्ही इथं मांडतो. निवाडा तुम्ही करा.

आधी यंत्राची जात सांगतो. कारण या देशात यंत्रालाही जात चिकटते.

समुद्राच्या पोटात फिरणारा फ्रेंच माणूस जाक कुस्तो. त्याच्यासाठी जाँ द वुटर्स नावाच्या बेल्जियन इंजिनिअरनं १९६० च्या सुमारास एक कॅमेरा बनवला. कुस्तोच्या जहाजाचं नाव कॅलिप्सो, कॅमेऱ्याचंही तेच. १९६३ पासून जपानची निकॉन कंपनी तो 'निकोनॉस' नावानं काढू लागली. एकामागून एक मॉडेलं निघाली, २००१ साली सगळं बंद झालं. माझ्याकडं आहे ते १९८४ चं पाचवं मॉडेल. रंग नारिंगी. जुन्या बाजारात घेतलेलं. हा पाणबुड्यांचा कॅमेरा, पण व्हिएतनामच्या लढाईत वार्ताहरांनी तो पावसात आणि चिखलात वापरला. म्हणजे समुद्रासाठी जन्मलेलं यंत्र जमिनीवर आलं ते चिखलामुळं. चिखल आमच्याकडं बारमाही आहे.

आणखी एक सांगतो. जपानच्याच कोनिका कंपनीनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामावर वापरायला एक कॅमेरा काढला. पाऊस, धूळ, सिमेंट सोसणारा. नाव 'गेन्बा कांतोकु'. अर्थ : कामावरचा मुकादम! तिकडं काम नीट झालं याचा पुरावा म्हणून फोटो काढावे लागतात, म्हणून मुकादमाच्या हातात कॅमेरा. आपल्याकडं मुकादमाच्या हातात हजेरीची वही, आणि तिच्यात आपल्या माणसाचं नाव असतंच असं नाही. माझी मागणी एवढीच आहे की तो कॅमेरा मुकादमाकडून काढून पाटीवालीच्या हातात द्या. मग बघू कामाचा पुरावा काय निघतो.

आता पहिलं भांडण.

शहरातल्या एका फोटोमंडळात मी माझ्या प्रिंटा घेऊन गेलो. नाव लिहीत नाही, अशी मंडळं गल्लोगल्ली आहेत. तिथले जाणकार म्हणाले, "विषय चांगला आहे, पण फार जवळून घेतलंय. थोडं अंतर हवं. अंतरानं सौंदर्य येतं." दुसरे म्हणाले, "लांबची लेन्स वापरा, म्हणजे लोकांना कळत नाही. नैसर्गिक येतात."

मी घरी आलो तोवर डोकं ठणकत होतं. अंतर! हा शब्द मी कुठं ऐकला होता? आज्याकडून ऐकला होता. गावात कुणाच्या सावलीपासून किती अंतर, विहिरीपासून किती, देवळापासून किती, याचा हिशेब आज्याला पाठ होता. तोच हिशेब हे आता मिलिमीटरात सांगतात. दोनशे मिलिमीटरची लेन्स लावून फुटपाथवरच्या बाईचा फोटो रस्त्याच्या पलीकडून घ्यायचा. तिला कळू द्यायचं नाही. तिच्या घामाचा वास आपल्याला येऊ द्यायचा नाही. आणि हॉलमध्ये लावून खाली लिहायचं, 'जगण्याची लढाई'. याला मी शिवाशिव म्हणतो. सदाशिवपेठी सौंदर्यशास्त्रानं विटाळ मोडला नाही, त्याला काच बसवली.

माझ्या यंत्राला हे जमतच नाही. त्याची नेहमीची लेन्स ३५ मिलिमीटरची. तीच पाण्यात चालते, तीच हवेत. तिच्यात माणूस मोठा यायचा तर माणसाजवळ जावं लागतं. नेम धरायला आतून काही मदत नाही. अंतर डोळ्यानं मोजायचं आणि चकती फिरवून लावायचं. मी तीन मीटरवर लावून ठेवतो, छिद्र आठवर. म्हणजे साधारण दोन मीटरपासून सहा-सात मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. लेन्सवर दोन लाल काटे आहेत, छिद्र बदललं की तेच दाखवतात कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येणार. चारशेची कृष्णधवल फिल्म घातली की पावसाळी ढगातही शटर सव्वाशे-दोनशेच्या आसपास मिळतं. मग डोळ्याला लावायचीही गरज नाही. पण दोन मीटर म्हणजे किती? समोरच्यानं हात लांब केला, तुम्ही केला, की बोटं जवळजवळ भिडतात. एवढ्या अंतरावर समोरचा तुम्हाला बघतो. विचारतो, "काय रे, कशाला?" आणि उत्तर द्यावं लागतं. या अंतरातच माणूस माणसाला शिवतो. बाकी सगळी शिकार.

कुणी म्हणेल, जवळ जाऊन कुणी काम केलंच नाही का? केलंय. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, वर्षानुवर्षं काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो गच्चीवरून काढलेले नाहीत. कचऱ्याच्या ढिगात पाय रोवून काढलेत. बघा आणि मग मला सांगा की अंतरानं सौंदर्य येतं.

पाण्याचंही सांगून टाकतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, ओंजळीनं पाणी प्याली. त्याबद्दल डोकी फुटली. मग सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि पाणी 'शुद्ध' केलं. कोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. आपल्या घरात ओंजळ घेतलेल्या बाबासाहेबांची जी तसबीर असते, ती चित्रकारानं काढलेली आहे. त्या क्षणाचं आपण चित्र लावतो, फोटो नाही. तेव्हा आमच्या हातानं पाणी बाटत होतं. आज पाण्यानं यांचा कॅमेरा बाटतो. आणि एक पाणी असं आहे की ज्यात उतरायला आम्हाला कधीच कुणी बंदी केली नाही. ते गटाराचं.

त्याच पाण्याची एक गोष्ट सांगतो, मग दुसरं भांडण.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीजवळ गटाराचं झाकण उघडून एका माणसाला आत सोडलं होतं. कमरेला दोर, तोही कपडे वाळत घालायचा. मास्क नाही, हातमोजे नाहीत. हातानं मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ चा, नवा २०१३ चा. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे मरणाचा भाव वाढला. उतरवणं थांबलं नाही.

मी फोन काढला, दोन फोटो घेतले. ठेकेदाराचा मुकादम धावत आला. फोन हिसकला, माझ्यासमोर फोटो पुसले, पुन्हा पुसलेल्यांच्या डब्यातूनही पुसले. हुशार माणूस. माझ्या गळ्यात नारिंगी डबडं लोंबत होतं, त्याकडं बघून हसला. "हे काय, पोराचं खेळणं?" मी म्हटलं, "हो." त्या खेळण्यात तीन फोटो आधीच जाऊन बसले होते.

घरीच फिल्म धुतली. औषधं वीस अंशाला लागतात आणि आमच्या पिंपातलं पाणी तिसाच्या घरात. मच्छीवालीकडून बर्फ आणला, पिशवीत बांधून बादलीत सोडला. निगेटिव्हवर माणूस आला, दोर आला, उघडं झाकण आलं. आम्ही चारजण प्रिंट घेऊन कचेरीत गेलो. तिथला साहेब आधी म्हणाला, "आमच्याकडं माणूस उतरवतच नाहीत, सगळं यंत्रानं होतं." प्रिंट टेबलावर ठेवली. तो बराच वेळ बघत बसला. मग विचारलं, "हा कुठून आणला?" खोटा आहे असं नाही म्हणाला. निगेटिव्ह आमच्याकडं आहे म्हटल्यावर आवाज खाली आला.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पुढचं ऐका. आठवडाभरात बूट आले, हातमोजे आले. दोन महिन्यांत ठेकेदारानं त्या माणसालाच कामावरून काढलं. तो मला नाक्यावर भेटला. म्हणाला, "दादा, तुझ्या फोटोनं माझं पोट भरणार का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. मी त्याचा जीव धोक्यात बघितला होता, त्याची भाकरी धोक्यात बघितली नव्हती. त्याला न विचारता त्याचं तोंड साहेबाच्या टेबलावर ठेवलं. म्हणजे लांबच्या लेन्सवाल्यानं जे केलं असतं तेच मी जवळून केलं. तेव्हापासून नियम केला : फोटो काढणं माझ्या हातात, बाहेर काढणं ज्याचा फोटो त्याच्या हातात. निगेटिव्ह पेटीत दहा वर्षं थांबते. तिला घाई नाही.

आता आपल्या लोकांचं. हे भांडण जास्त दुखतं.

आमचा एक कार्यकर्ता, जुना, लाठ्या खाल्लेला. म्हणाला, "लोक मरतायत आणि तू खेळणं घेऊन फिरतोस? फिल्म, औषधं, कागद, हे श्रीमंतांचे चाळे. एका रोलच्या पैशात किती पत्रकं निघतील?" बघा, मुकादमाचाच शब्द, खेळणं!

मी त्याला म्हटलं, बाबा, पैशाचं तुझं खरं आहे. आज एका रोलची किंमत नाक्यावरच्या मजुराच्या दिवसाच्या मजुरीला भिडते. एकट्या पोरानं हे करू नये. वस्तीत एक कॅमेरा, दहाजणांनी वर्गणी काढून घेतलेला. पण 'चाळे' म्हणू नको. सत्तरच्या दशकात आपल्या पोरांनी मेणकागदावर स्टेन्सिल कापली, शाईनं हात काळे केले, अंक काढले. तेव्हाही प्रस्थापित म्हणाले, हे कसलं साहित्य, अक्षरं फुटलीत, शाई पसरलीय. ती फुटकी अक्षरं आज विद्यापीठात शिकवतात. तेव्हा छापखाना आपला नव्हता म्हणून आपण यंत्र आपलं केलं. मग कॅमेऱ्याच्या बाबतीत एवढं सोवळं कशाला?

आणि आपल्या कार्यक्रमातले फोटो बघा. स्टेज. हार. माईक. पुढारी, त्याच्या मागं पुढारी, त्याच्या खांद्यावरून डोकावणारा होणारा पुढारी. समोर बसलेली बाई कुठंय? सतरंजी अंथरणारा पोरगा कुठंय? प्रस्थापितांनी आपल्याला चौकटीबाहेर ठेवलं, समजलं. आपणच आपल्याला चौकटीबाहेर का ठेवतो?

११ जुलै १९९७. घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, गोळीबारात दहाजण गेले. सांगितलं काय? टँकर पेटणार होते, म्हणून गोळी झाडावी लागली. गुंडेवार आयोगानं गोळीबार समर्थनीय ठरवला नाही. पण तिथपर्यंत पोचायला वस्तीला किती वेळा तेच तेच सांगावं लागलं! डोळ्यांनी बघितलेली माणसं होती, पण आपल्या डोळ्यांना या देशात साक्ष मानत नाहीत. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' तिथूनच सुरू झाला आणि २०११ साली लोकांपुढं आला. चौदा वर्षं. मी म्हणतो, प्रत्येक वस्तीत रोज रस्त्यावर फिरणारा एक कॅमेरा हवा. घटना घडल्यावर धावत येणारा नको. आधीपासून तिथंच असलेला हवा, पावसातही असलेला.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. साकीनाक्याला दरड कोसळून माणसं गाडली गेली. आपल्या आठवणीत काय उरलं? बुडालेल्या मोटारी. कारण मोटारीवाल्यांच्या खिडकीत कॅमेरे होते.

आता कबुली. यंत्राचं कौतुक करताना स्वतःची चूक झाकली तर तो लेख नव्हे, जाहिरात.

डिसेंबर २०१७. ओखी वादळ. ६ डिसेंबरच्या तोंडावर मुंबईत पाऊस. शिवाजी पार्कचा चिखल झाला. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसं गाठोडी डोक्यावर घेऊन उभी. महापालिकेच्या शाळा उघडल्या, लोकांना तिकडं नेलं. पुस्तकवाले पोटच्या पोराला झाकावं तशी पुस्तकं झाकत होते. चॅनेलवाल्यांनी कॅमेऱ्यांना प्लास्टिक बांधून घेतलं. मी मात्र मोकळा फिरत होतो, माझ्या डबड्याला पावसाचं काय! 

चौपाटीच्या बाजूला एक म्हातारी बसली होती, परभणीकडची. पांढरं लुगडं चिखलानं काळं. मी दोन मीटरवर गेलो. तिनं हात वर केला. "कशाला काढायलास? आमची फजिती दाखवाया?" मी कॅमेरा खाली घेतला. खाली बसलो. जरा वेळानं तिनं पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत एक पुस्तक, कोरडं ठणठणीत. म्हणाली, "मला न्हाई वाचता येत. नातीसाठी घेतलंय. काढायचा तर ह्याचा काढ." आणि पुस्तक छातीशी धरून ताठ बसली. मी काढला. एकच.

रात्री गडबडीत कॅमेरा उघडला, रोल बदलला, पुन्हा मिटला. या कॅमेऱ्याचा जीव एका रबरी कड्यात असतो. झाकण जिथं मिटतं तिथलं कडं. त्यावर वाळूचा एक कण, एक केस राहिला तरी पाणी आत शिरतं. कडं काढून पुसायचं, बोटानं सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, नुसतं चमकेल इतकं. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. (आई ओरडते, "प्यायला पाणी न्हाई अन् हा डबड्याला आंघोळ घालतोय!") त्या रात्री मी कडं पुसलंच नाही. भिजल्या हातानं उघडलं, काढलेल्या रोलवर पाणी गळलं, दादरची वाळू कड्यावर तशीच. दुसऱ्या दिवशीचा अख्खा रोल पाण्यात गेला. आधीच्या रोलवरच्या छत्तीसपैकी अकरा वाचले. त्यात म्हातारी नव्हती. कुणी फोन वापरला असता तर तो फोटो आज असता. खरं आहे. मी तिचा देणेकरी आहे.

म्हणून फोन टाकून द्या असं मी म्हणणार नाही. फोन ठेवा. पण भिजल्या बोटांना फोनचा पडदा ऐकत नाही, पोलिसाच्या हातात गेला की एका अंगठ्यानं साफ होतो, आणि दोन वर्षांत फोन मेला की त्यातली वस्तीही मरते. निगेटिव्ह हातात धरता येते, उजेडात बघता येते. माझ्या यंत्राची बॅटरी मेली तरी सेकंदाच्या नव्वदाव्या भागाचं एक शटर चालतंच. तरी निगेटिव्हही अमर नाही. मुंबईच्या दमटपणात तिला बुरशी लागते, लेन्सलाही लागते. कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी लागते. म्हणजे शेवटी यंत्र वाचवत नाही. रोज कडं पुसणारा माणूस वाचवतो. संघटनेचंही तेच आहे. क्रांतीच्या भाषणानं शाखा टिकत नाही, कुणीतरी रोज झाडू मारावा लागतो.

तर माझं म्हणणं थोडक्यात. वस्तीत वर्गणीचा एक कॅमेरा घ्या. जुना घ्या, समुद्राचा घ्या, पाण्यात चालणारा वापरून टाकायचा प्लास्टिकचा मिळाला तरी चालेल. शिवण्याच्या अंतरावर जा. आधी बोला. नको म्हणाला तर नको. प्रिंट पहिली त्या माणसाला, मग भिंतीला. मागं तारीख लिहा, जागा लिहा, नाव त्याची मर्जी असेल तर लिहा. निगेटिव्ह बुद्धविहाराच्या कपाटात ठेवा, पुढाऱ्याच्या घरी नको. आणि दर वेळी मरणच काढू नका. अभ्यासिकेत पेंगणारी पोरगी काढा, कॅरमवर भांडणारी पोरं काढा, नळावर हसणाऱ्या बाया काढा. आमचं दुःख विकणारे बाजारात पुष्कळ आहेत, त्यांना माल पुरवायचा नाही.

येत्या पावसात मरीन ड्राइव्हवर पुन्हा लाल छत्र्या उघडतील. उघडू देत. आपल्या गल्लीत पाणी चढेल तेव्हा आपला एकजण गुडघाभर पाण्यात उभा असला पाहिजे, डोळे उघडे ठेवून, कॅमेरा न झाकता.

आणि परभणीकडची ती आजी कुणाला भेटली तर सांगा, पोरगा कडं पुसायला शिकलाय. पुन्हा ये म्हणावं.

जयभीम.